क्रमवारीतलं अधिक-उणे

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर किती जुनं? आधीची एक मोजणी सुमारे ५२ हजार वर्षं सांगायची. २०११ साली ‘जिऑलॉजी’ नियतकालिकातल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनं सांगितलं: ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार.

असं अधिक-उणे नियतकालिकांच्या स्वतःच्या क्रमवारीत मात्र नसतं. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा किती संदर्भ दिले गेले, भागिले लेखसंख्या, हा क्रमवारी लावणारा आकडा, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. म्हणजे सरासरीच, लेख थोडे असले की जास्त डळमळणारी. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा आकडा २००९मध्ये शेल्ड्रिक या संशोधकाच्या एकाच लेखामुळे २ वरून जवळपास ५० वर उडाला! तरीही आकडे तीन दशांशांपर्यंत मिरवायचे. २०२३पासून एकच दशांश छापतात. शेजारच्या दोन क्रमांकांतला फरक खरा मानू नका.