शेताचा ताप बघणारा उपग्रह

एक गंमत करून बघ. भर दुपारी मैदानातल्या लोखंडी घसरगुंडीला बोट लाव. आई गं, चटका! आता शेजारच्या झाडाचं उन्हातलं एक पान चिमटीत धर. अरेच्चा, ते तर गार! ऊन दोघांवर सारखंच, मग असं का?

कारण पानाला जणू घाम येतो! पानावर, बहुतेक करून खालच्या बाजूला, इवलीइवली तोंडं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. मुळांनी ओढलेलं पाणी त्यांतून वाफ होऊन हवेत उडतं आणि जाताना पानातली उष्णता घेऊन जातं. तुझ्या घरचा माठही असाच पाझरतो, म्हणून तर त्यातलं पाणी गार!

आता ओळख बघू. झाड शंभर पेले पाणी प्यायलं, तर स्वतःकडे किती ठेवतं? पन्नास? पंचवीस? छे! जेमतेम दोन-तीन! बाकी सगळं आभाळाला परत.

पानांतून उडालेलं पाणी आणि ओल्या मातीतून उडालेलं पाणी, या दोन्हींना मिळून एक लांबलचक नाव आहे : बाष्पपर्णोत्सर्जन. हुश्श! म्हणताना दम लागला ना?

हे पाणी मोजायचं कसं? वाफ तर दिसतच नाही. शास्त्रज्ञ काय करतात माहितीये? मातीनं भरलेली मोठी पेटी पिकासकट वजनकाट्यावर ठेवतात! जेवढं पाणी उडालं, तेवढं वजन कमी. झकास युक्ती! पण अख्ख्या तालुक्याखाली काटा कोण ठेवणार?

म्हणून मदतीला येतात लँडसॅट ८ आणि लँडसॅट ९. हे उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. कपाळासमोर धरायचं, अंगाला न लावता ताप सांगणारं थर्मामीटर पाहिलंयस ना? तसंच या उपग्रहांकडेही आहे! प्रत्येक वस्तूतून उष्णतेचे न दिसणारे किरण निघतात, ते पकडून उपग्रह जमिनीचा ताप ओळखतो. भरपूर पाणी मिळालेलं शेत गार. तहानलेलं पीक तोंडं मिटून घेतं, घाम थांबतो आणि ते तापतं. आपल्याला शेत हिरवंगार दिसत असतं, पण वरून त्याची तहान कळते!

पण तापावरून पाणी कसं कळणार? इथे खरी मजा आहे, आणि ती आहे खाऊच्या पैशांच्या हिशेबासारखी. समज, सूर्यानं शेताला १०० रुपयांची उष्णता दिली. १० रुपये माती तापवण्यात गेले, ३० रुपये हवा तापवण्यात. उरले ६०. ते कुठे गेले? पाण्याची वाफ करण्यात! बस्स, झाला हिशेब.

हवेचा खर्च काढणं मात्र अवघड. त्यासाठी चित्रातलं सगळ्यात गार, ओलं शेत आणि सगळ्यात तापलेलं, कोरडं शेत शोधतात. मग प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणे उभं करतात ना, तशी बाकीची शेतं त्या दोघांच्या मध्ये लावतात. ही पद्धत नेदरलँड्सच्या विम बास्टियानसेन यांनी रुजवली. पुढे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात रिचर्ड ॲलन यांनी तिच्यात आणखी सुधारणा केली.

आणि गंमत ऐक! लँडसॅट ८ च्या पहिल्या आराखड्यात थर्मामीटरच नव्हतं! अमेरिकेच्या पश्चिमेकडची राज्यं कोरडी. तिथे पाण्याचं वाटप बघणाऱ्यांनी आग्रह धरला, की आम्हाला ते हवंच. मग ते भराभर तयार करून बसवलं आणि ११ फेब्रुवारी २०१३ ला उपग्रह उडाला. बरं झालं त्यांनी हट्ट केला!

या थर्मामीटरला जमीन चौकोनाचौकोनांची दिसते. एक चौकोन म्हणजे १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. पीक भरात असेल, तर चांगल्या उन्हाच्या दिवशी जमिनीवर ५ मिलिमीटर उंच साचेल एवढं पाणी उडून जातं. एवढंसं? थांब, गुणाकार कर. एका चौकोनातून ५०,००० लिटर! म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर, एका दिवसात, जराही आवाज न करता आभाळात!

ढग आले, की मात्र उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची फार पंचाईत होते.

तुझ्या गावावरूनही हे दोन्ही उपग्रह जातात बरं का! दोघं मिळून दर ८ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास. म्हणजे कदाचित तुझ्या छोट्या सुट्टीतच!

येत्या रविवारी अकरा वाजता जास्वंदीच्या पानांच्या एका फांदीला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घट्ट बांध. दोन तासांनी बघ. आतून थेंबच थेंब! ते पाणी थोड्या वेळापूर्वी मातीत होतं.