विश्लेषण : लिनक्स सर्व्हरसाठी ‘स्वॅप’ किती ठेवावे?

जालना सळई आणि बियाण्यांसाठी ओळखले जाते. खरिपाच्या तोंडावर बियाण्यांच्या दुकानांत गर्दी उसळते. समजा, एखाद्या दुकानदाराने बिलिंग आणि डेटाबेससाठी ४ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर घेतला. तो सुरू करतानाच प्रश्न येतो : स्वॅप ठेवायचे का, आणि किती?

स्वॅप म्हणजे काय?
स्वॅप ही डिस्कवरची राखीव जागा. रॅम अपुरी पडू लागली की लिनक्सचे कर्नल बराच वेळ न वापरलेला डेटा तिथे हलवते. मोंढ्यातला व्यापारी रोजचा माल हाताशी आणि क्वचित लागणारा गोदामात ठेवतो, तसेच हे.

स्वॅप नसेल तर?
रॅम पूर्ण संपल्यावर कर्नलचा ‘ओओएम किलर’ एखादा प्रोग्राम बंद पाडतो. बहुधा सर्वाधिक मेमरी वापरणाराच निवडला जातो आणि अनेकदा तो डेटाबेस असतो. म्हणजे ऐन गर्दीत बिलिंग ठप्प!

मग भरपूर स्वॅप ठेवावे का?
नाही. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. सर्व्हर सतत स्वॅपवर चालू लागला, तर तो बंद पडत नाही. पण एकेका बिलासाठी ताटकळावे लागते.

किती पुरेसे?
रेड हॅटच्या शिफारशीनुसार २ जीबीपर्यंत रॅम असल्यास स्वॅप दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमइतके आणि त्यापुढे किमान ४ जीबी असावे. या हिशेबाने आपल्या दुकानदाराला ४ जीबी स्वॅप पुरेल.

पार्टिशन की फाइल?
स्वॅप फाइल नंतर बदलणे सोपे असते, म्हणून छोट्या सर्व्हरसाठी ती सोयीची. फाइलची परवानगी ६०० ठेवावी, म्हणजे इतर वापरकर्त्यांना ती वाचता येणार नाही. ‘एफस्टॅब’मध्ये नोंद केली नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर स्वॅप चालू होत नाही.

लक्ष कशावर ठेवावे?
स्वॅपकडे किती ओढा असावा, हे ‘स्वॅपिनेस’ ठरवते. त्याचे मूळ मूल्य ६० असते. डेटाबेससाठी ते अनेकदा १० वा त्याहून कमी ठेवतात. ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमधील ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे आकडे स्वॅपमधील ये-जा दाखवतात. ते अधूनमधून हलले तर चिंता नाही. सतत वाढलेले दिसले, तर स्वॅप वाढवून उपयोग नाही. हंगामाआधी रॅमच वाढवावी.