पाण्याचा धर्म

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या काठाशी उतरलात, की आधी स्वागत करतो तो कुजक्या अंड्यांचा वास! अशनीच्या आघाताने झालेल्या या विवरात झरे येतात ते गोड्या पाण्याचे. मग सरोवर खारट का? कारण बाहेर जायला वाटच नाही. पाणी वाफ होऊन उडते, खडकातून विरघळलेले क्षार मागे उरतात. त्यांत आपला धुण्याचा सोडाही आला.

शुद्ध पाण्याचा सामू ७, लोणारचा १० च्या आसपास. फरक तीन पायऱ्यांचाच. पण प्रत्येक पायरी दसपट. म्हणजे हे पाणी हजारपट अल्कधर्मी!

आणि तो वास? तळाच्या गाळात प्राणवायू नाही. तिथले जिवाणू सल्फेटवर श्वास भागवतात. त्याचे क्षपण होऊन हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

जून २०२० मध्ये पाणी आटले, क्षार वाढले आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी सरोवर गुलाबी केले. उलट गोडे पाणी, सांडपाणी वाढत गेले तर क्षार विरळ होतील आणि त्यांवरच जगणारी ही सृष्टी बुडेल. पाणी गोड झाले म्हणून सगळीकडेच पेढे वाटायचे नसतात. लोणारचे पाणी आपल्या धर्माने राहू द्यावे, हेच बरे.