चार कुलपांची पेटी



मुंबईच्या परळ भागातील भोईवाडा हे नाव ऐकले नाही, असे घर आपल्या खेड्यांतून विरळाच. कोकणातून, घाटावरून माणसे गिरणीत कामाला गेली ती याच भागात राहिली. चाळीत ग्रामस्थ मंडळाची एक खोली असे. भिंतीवर गावच्या देवाची तसबीर आणि कपाटात वर्गणीची वही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कितीतरी कामगार ट्रंक उचलून गावी परत आले. पुढे गिरण्याही गेल्या.

आता भोईवाड्याची वाट धरावी लागते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. तेथे जवळच टाटा हॉस्पिटल आहे. १९४१ साली ते सुरू झाले. तोंडात गाठ आली, बाईच्या छातीत गाठ लागली, की तालुक्याचे डॉक्टर चिठ्ठी देतात ती तेथली. सरकारी योजनेतून उपचारांचा बराच भार हलका होतो हे खरे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत अशा रुग्णांना आसराही मिळतो. पण एस. टी.-रेल्वेचे भाडे, बरोबरच्या माणसाचे खाणे, पुन्हा पुन्हा घालावे लागणारे हेलपाटे आणि त्या दिवसांत पडून राहिलेले शेत, हा खर्च घराच्याच अंगावर पडतो. मग बैल बाजारात उभा राहतो. डाग सावकाराकडे जातो. बियाण्यासाठी ठेवलेले धान्य विकले जाते आणि मृगाला पुन्हा उसनवारी सुरू होते.

आजार टाळणे दर वेळी आपल्या हाती नसते. पण आजारापायी शेती मोडू नये, एवढी व्यवस्था गावाला करता येते. ती कशी, हे सांगण्यासाठी आज एका शेजाऱ्याची ओळख करून देतो.

आपले शेजारी ल्यूथरन

वरुड-नरखेडच्या पुढे हद्द ओलांडली की पांढुर्णा, सौसर, छिंदवाडा आणि मुलताई, बैतूल हा मुलूख लागतो. संत्र्याच्या बागा इकडे तशा तिकडे. पांढुर्णा-सौसरकडे मराठी बोलणारी घरे पुष्कळ. आपले सोयरेधायरे तेथे आहेत. याच मुलखात ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. स्वीडन देशातील मिशनरी १८७७ साली त्या वेळच्या मध्य प्रांतात आले आणि त्यांच्या कामातून या मंडळ्या उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशातील या ल्यूथरन चर्चचे मुख्य ठाणे छिंदवाड्याला आहे.

आपल्या महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी बऱ्याचशा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. ल्यूथरन मंडळ्या मात्र वेगळ्या राहिल्या. छिंदवाड्याची, रांचीची, आंध्रातील, तामिळनाडूतील अशा निरनिराळ्या ल्यूथरन चर्चेसनी १९२६ साली आपला एक महासंघ केला. त्याला १९७५ पासून भारतातील संयुक्त ल्यूथरन चर्चेसचे रूप आले.

बैतूल जिल्ह्यात, नागपूर-भोपाळ रस्त्यावर पाढर नावाचे गाव आहे. तेथील रुग्णालय याच चर्चचे. डॉ. क्लेमंट मॉस यांच्या पुढाकाराने ते १९५८ साली उभे राहिले. आसपासचे गोंड, कोरकू आणि इतर शेतकरी तेथे उपचाराला येतात. धर्म विचारून कोणाला परत पाठवत नाहीत. २०१२ साली शरीराने जोडलेल्या दोन जुळ्या मुली तेथे शस्त्रक्रिया करून वेगळ्या केल्या, तेव्हा या आडगावाचे नाव देशभर झाले. त्यांतील एक मुलगी पुढे दगावली, एक जगली.

त्यांचे सणवार आपल्या सुगीच्या दिवसांत

या मंडळींचे वर्ष आपल्या शेतीच्या वर्षाशी चांगले जुळते. सोयाबीन निघते, कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा ३१ ऑक्टोबरला त्यांचा धर्मसुधारणेचा दिवस येतो. १५१७ साली त्याच तारखेला जर्मनीतील विटेनबर्ग गावी मार्टिन ल्यूथर यांनी चर्चमधील गैरप्रकारांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देण्याचा जो व्यवहार चाले, त्यावर त्यांचा मुख्य रोख होता. पुढे त्यांनी बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणले. नवा करार १५२२ मध्ये निघाला, पूर्ण ग्रंथ १५३४ मध्ये. धर्माची गोष्ट लोकांच्या बोलीत सांगायची हा ध्यास आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वर माउलींनी तो कितीतरी आधी घेतला होता.

ज्वारी-गहू उगवून वर येतो तोवर त्यांचा आगमन काळ लागतो. नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे हा काळ. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जातात. या चालीची हकीकत गमतीची आहे. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न नावाचे ल्यूथरन पाळक अनाथ, गरीब मुलांचे वसतिगृह चालवीत. नाताळ कधी येणार म्हणून मुले रोज विचारीत. विखर्न यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवू लागले. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. गाडीचे चाक असे देवाच्या कामी आले.

२५ डिसेंबरला नाताळ. मग वसंतात चाळीस दिवसांचा उपवासकाळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार. तोवर आपली रब्बीची मळणी उरकत आलेली असते. पीक घरात आले की उपकारस्तुतीचा सण करतात. तो आपल्याकडील मराठी मंडळ्यांतही आहे. शेतकरी नव्या धान्याची पिशवी, भोपळा, अंडी, कोंबडी, जे पिकले-वाढले त्यातले काही वेदीपाशी आणून ठेवतात. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. एका भोपळ्यावर हसतखेळत बोली चढते. जमलेली रक्कम मंडळीच्या कामी जाते. आपल्या देवळात नारळाचा लिलाव होतो, तसाच हा प्रकार.

त्यांच्यापुढचा मोठा दिवस २५ जून २०३० हा आहे. ल्यूथरन श्रद्धेचा जाहीरनामा आउग्सबुर्ग शहरी १५३० साली त्या तारखेला वाचला गेला. त्याला त्या दिवशी ५०० वर्षे पूर्ण होतील.

पेटी कशी होती

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात लायस्निग नावाचे एक छोटे गाव आहे. १५२३ साली तेथील लोकांनी, आसपासच्या खेड्यांसह, एक सामाईक पेटी ठेवायचे ठरवले. चर्चच्या जमिनीचे उत्पन्न, खंडाचे धान्य, देणग्या, सारे त्या पेटीत यायचे. तिचे नियम लिहून काढले आणि ल्यूथर यांनी त्या नियमांना प्रस्तावना लिहून ते छापले.

ते नियम वाचताना आपल्याच गावची घटना वाचतो आहोत असे वाटते. पेटी सांभाळायला दहा विश्वस्त. दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरसभेचे, तीन गावातले सामान्य नागरिक आणि तीन खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार निरनिराळी कुलपे. या चार गटांकडे एकेक किल्ली. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. विश्वस्तांनी दर रविवारी बसायचे. सारे वह्यांत लिहायचे. आणि वर्षातून तीनदा सगळ्या लोकांना बोलावून जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवायचा.

पेटीतून पाळकाचा पगार आणि शाळेचा खर्च भागायचा. मुलींना शिकवायला बाई ठेवायची, हेही नियमात होते. म्हातारे, दुबळे, अनाथ यांना मदत द्यायची. अडलेल्या कारागिराला, शेतकऱ्याला बिनव्याजी उसने द्यायचे. वर्षे चांगली असताना धान्य घेऊन साठवायचे, म्हणजे टंचाईत ते उपयोगी पडेल. उत्पन्न कमी पडले तर प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्षाची रक्कम भरायची.

कुलपांनी सगळे भागले नाही

ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नियम छापले गेले, पण लायस्निगच्या नगरसभेने चर्चची मालमत्ता पेटीकडे सोपवायला खळखळ केली. ज्यांच्या हाती पूर्वीपासून किल्ल्या होत्या त्यांना त्या सोडवेनात. ल्यूथर यांना राजाकडे गाऱ्हाणे न्यावे लागले. कागदावरच्या चार किल्ल्या खऱ्या चार हातांत जाणे हीच अवघड गोष्ट. आपल्या गावातही काय वेगळे घडते?

दुसरेही सांगायला हवे. १५२५ साली दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. धान्याचा जो दहावा हिस्सा आम्ही देतो, तो गावाने निवडलेल्या माणसाने गोळा करावा, पाळकाचे भागवून उरलेला गावातल्या गरिबांना द्यावा, ही त्यातली एक मागणी. म्हणजे पेटीचाच विचार. ल्यूथर यांनी आधी सरदारांनाही दोष दिला, पण बंड पेटल्यावर ते शेतकऱ्यांवर उलटले आणि बंड मोडून काढा असे कठोर शब्दांत लिहिले. हजारो शेतकरी मारले गेले. शेतकऱ्याने हे विसरू नये. कल्पना घ्यावी, माणूस तोलूनमापून घ्यावा.

तरी कल्पना टिकली. ठिकठिकाणी अशा पेट्या निघाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतच फ्रीडरिख रायफायझन या प्रॉटेस्टंट गृहस्थांनी, ते गावप्रमुख असताना, १८४७ च्या दुष्काळात गरिबांसाठी भाकरीची संस्था काढली. १८६४ साली त्यांनी हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. लहान क्षेत्र, एकमेकांना ओळखणारे सभासद, कर्ज सभासदालाच आणि पंच बिनपगारी, ही तिची तत्त्वे. भारतात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच नमुन्यावर. म्हणजे आपल्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे आजोळ रायफायझन यांच्याकडे लागते.

आपल्या गावासाठी

सोसायटी पिकासाठी कर्ज देते. आजारपणाच्या हेलपाट्यांसाठी ती सहसा देत नाही. तेथे गावाची छोटी पेटी कामाला येते. यंदाच्या सुगीला सुरुवात करायची तर पुढील गोष्टी ध्यानात धराव्यात.

१) शंभर घरांनी दहा किलो धान्य दिले तरी दहा क्विंटल जमते. ज्याला दहा जड जाते त्याने दोन द्यावे. मजुरीवर जगणाऱ्या घराकडून मागू नये, पण पेटीवर त्याचा हक्क तितकाच ठेवावा.

२) धान्य लगेच विकायचे नसेल तर चांगले वाळवावे. साठवणीच्या धान्यात ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असावा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. कोठी झाडून, उन्हात तापवून घ्यावी आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. ओल्या धान्यात पोरकिडे झाले तर पेटी भरण्याआधीच रिकामी होईल.

३) विश्वस्त एका भावकीचे नकोत. एक शेतकरी, एक मजूर, एक बचत गटातली भगिनी आणि एक शाळेचे गुरुजी किंवा बाई असे चौघे घ्यावेत. आजच्या काळात किल्लीऐवजी सही. बँकेत संयुक्त खाते काढावे. नोंदणी कशी करायची हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

४) देणे दोन प्रकारचे ठेवावे. ज्याला परत करता येईल त्याला उसने, तेही बिनव्याजी. सवाई-दिढीचा वारासुद्धा पेटीला लागू देऊ नये. ज्याच्या घरचा कर्ता माणूसच आजारी आहे, त्याला मदत. कोणाला किती दिले ते वहीत असावे.

५) हिशेब वर्षातून तीनदा मोठ्याने वाचावा. सुगी झाल्यावर एकदा, गुढीपाडव्याला एकदा आणि मृगाआधी एकदा. वाचन चावडीपुढे, बायाबापड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात व्हावे. विचारलेल्या प्रश्नाला राग मानू नये.

६) भोईवाडा, परळ, दादर, लालबाग येथे गावची माणसे अजून असतील, तर त्यांनाही पेटीत घ्यावे. पैसा नाही दिला तरी चालेल. रुग्ण घेऊन आलेल्या नवख्या माणसाला स्टेशनवरून हॉस्पिटलपर्यंत नेणे, खिडकीवर कागद दाखवणे, धर्मशाळेत जागा आहे का पाहणे, ही मदत पाचशेच्या नोटेपेक्षा मोठी ठरते. जुन्या ग्रामस्थ मंडळाची वही कोठे असेल तर ती शोधून पुन्हा उघडावी.

यात धर्म आड येण्याचे कारण नाही. देवळात हरिनाम सप्ताह होतो, मशिदीत जकात निघते, विहारात वर्गणी जमते, ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीचे दान येते. देण्याची सवय आपल्याला आहेच. सप्ताहाचा मंडप उतरल्यावर खर्चाची वही किती गावांत वाचली जाते, एवढाच प्रश्न आहे. जेथे ती वाचली जाते, तेथे पुढच्या वर्षी मागायला जावे लागत नाही. लोक आपणहून आणून देतात.

"गाव करी ते राव न करी" असे आपण म्हणतो. पहिली मूठ कोणी टाकायची याची वाट पाहत बसू नका. या सुगीला खळ्यावरून धान्य घरी आणताना दहा किलो बाजूला काढा, शेजाऱ्याला सांगा आणि चौघांची नावे ठरवण्यासाठी एक संध्याकाळ चावडीवर बसा.