एक जून आणि एक फेब्रुवारी

वडवणीच्या शाळेत पहिलीच्या तरटावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांची जन्मतारीख १ जून आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही त्यांच्याच ताब्यात असे, त्यामुळे ही तारीख कशी जन्माला येते ते मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. एखादी बाई पोराचे बखोटे धरून दारात उभी राही. वडील विचारीत, "केव्हाचं गं लेकरू?" ती म्हणे, "खडी फोडायच्या कामावर व्हते तवा पोटात व्हतं, गुर्जी." बाहात्तरच्या दुष्काळाचा हिशेब मनाशी करून वडील त्या पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावीत, आणि कानाची पाळी बोटांत आली की सहा वर्षे पुरी झाली असे समजून, बोरूने काढल्यासारख्या ठसठशीत अक्षरात १ जून लिहून टाकीत. त्या एका ओळीवर पुढे त्या माणसाची नोकरी, लग्न, मतदान आणि निवृत्तीवेतन ही सारी उभी राहत.

या नोंदवह्यांचे वेड मला तेव्हापासून आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाने २०२३ साली कुणबी नोंदींसाठी बीड जिल्ह्यातील जुनी दफ्तरे सोडली जाऊ लागली, तेव्हा शाळेच्या एका उताऱ्याचे मोल काय असते हे आमच्याकडे घरोघर कळले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका उताऱ्याच्या बळावर, अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ बंदिवासात असलेल्या, आणि त्यातील बहुतांश काळ फाशीच्या छायेत काढलेल्या इसमास मोकळे केले होते.

पुण्याचे राठी हत्याकांड वाचकांना ठाऊक आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी कोथरुडात पौड रस्त्यावरील एका घरात पाच स्त्रिया, त्यांतील एक गर्भवती, आणि दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. तीन आरोपींपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये देहदंड सुनावला, उच्च न्यायालयाने तो १९९९ मध्ये कायम केला, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये. एकाचा दंड २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणला. दुसऱ्याविषयी मला लिहावयाचे आहे. त्याचे नाव निकालपत्रात छापलेले असले, तरी विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे, आणि तो बालक होता असे देशातील सर्वोच्च न्यायासनाने ठरविले असल्यामुळे मी ते येथे लिहीत नाही.

खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीच्या घरातले नोंदले होते. परगावाहून पोटासाठी आलेल्या पोराला वय विचारले, तर ते अंदाजाने सांगते आणि लिहिणारा अंदाजानेच लिहितो, आणि एकदा लिहिले गेलेले ते 'अंदाजे' पुढच्या प्रत्येक कागदात निश्चित होत जाते. २००५ मध्ये वैद्यकीय तपासणी झाली, तिने वय बाविसाच्या वर आणि चाळिसाच्या आत असल्याचे सांगितले. अठरा वर्षांचा हा पल्ला मला पहिल्यांदा वाचताना छापील चूक वाटला होता. हाडांना जे सांगता आले नाही ते अखेर राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शासकीय शाळेच्या नोंदवहीने सांगितले: जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी बारा वर्षे आणि सहा महिने.

नोंदवहीतील नाव गावाकडच्या उच्चाराचे आणि खटल्यातील नाव निराळ्या वळणाचे होते, त्यामुळे ही दोन्ही नावे एकाच माणसाची कशावरून, हा सरकारपक्षाचा आक्षेप गैरवाजवी नव्हता. अल्पवयाचा दावा खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो, अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९ मध्ये आहे, आणि वय ठरविताना शाळेचा दाखला आधी पाहावा, तो किंवा जन्मनोंद नसेल तेव्हाच हाडांकडे वळावे, असा क्रम कलम ९४ घालून देते. त्यानुसार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे चौकशी सोपविली, त्यांचा अहवाल दाव्याच्या बाजूने आला, आणि २७ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस व हृषीकेश रॉय यांनी तो स्वीकारला.

निकालपत्रातील एका जागेवर मी अनेकदा थांबलो आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या हातून इतके भीषण कृत्य घडेल काय, या विचाराने आपणही हादरलो आहोत, असे न्यायालय तेथे कबूल करते, परंतु बालमानसशास्त्राचे वा गुन्हेशास्त्राचे ज्ञान आपणापाशी नसल्यामुळे असल्या तर्काने निर्णय झाकोळू द्यावयाचा नाही, असेही तेथेच सांगते. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारानंतर, त्यातील एक आरोपी अठराला काही महिने कमी भरला तेव्हा, आमच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलातही एकच वाक्य ऐकू येत होते: वय कसले पाहता, करणी पाहा. त्या संतापातून २०१५ चा अधिनियम कठोर झाला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी झाली. परंतु त्या अधिनियमानेही सोळाच्या आतील मुलास हात लावला नाही, आणि १९८६ चा कायदा, जो कोथरुडच्या घटनेवेळी जारी होता, सोळाच्या आतील मुलास फाशी वा कारावास देण्यास स्पष्ट मनाई करीत होता. करणी पाहून वय ठरविण्याची मुभा कोणत्याच कायद्याने दिलेली नव्हती.

ज्या घरातील सात माणसे एका दिवसात गेली, त्या घरातल्यांना हा हिशेब समजावून सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यांचा क्रोध मी अन्याय्य मानीत नाही. पण बारा वर्षांच्या मुलास फासावर देऊ नये, त्याच्या हातून एक खून झालेला असो वा सात, हे माझे मत आहे, आणि ते कोणत्याही उताऱ्यावर अवलंबून नाही. माझा आक्षेप निराळाच आहे. सत्र, उच्च व सर्वोच्च अशा तीन न्यायालयांतून हा खटला गेला, आणि त्या साऱ्या वाटेवर या मुलाच्या शाळेत माणूस पाठविण्याची तजवीज कोणी केली नाही. वस्तुतः आरोपी अल्पवयीन दिसत असेल तर न्यायालयाने स्वतःच वयाची चौकशी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने गोपीनाथ घोष प्रकरणात १९८३ मध्येच बजावले होते.

अशा मुलांच्या सुधारणेविषयी आपण वाद घालतो तो बालगृहे व निरीक्षणगृहे यांच्याविषयी. या मुलाच्या वाट्याला त्यांतले काहीच आले नाही. पुढचे जे शिक्षण झाले ते त्याने कोठडीत स्वतः मिळविले, आणि समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली.

दसरा झाला की आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्यांच्या मागे भांड्यांच्या पोत्यावर त्यांची मुले बसलेली असतात, आणि नोंदवहीत त्यांची नावे मागे राहतात. काही मुले फडावरून थेट शहरात जातात, हॉटेलात कपबशा विसळतात, मिठाईच्या कढईशी उभी राहतात. त्यांतील एखाद्यास उद्या कोणी वय विचारले, तर तो काय सांगेल, हे मला ठाऊक आहे.

बिकानेरच्या त्या मुलास अटक झाली सप्टेंबर १९९४ मध्ये. आजच्या कायद्याने त्या वयाच्या मुलास जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. ती तीन वर्षे सप्टेंबर १९९७ मध्ये पुरी झाली असती. त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली फेब्रुवारी १९९८ मध्ये.