पाठदुखीच्या आड दडलेले व्याधी : मणक्याला हात लावण्यापूर्वी

कटिशूल हे आपल्या चिकित्सालयातील नित्याचे गाऱ्हाणे होय. कंबर धरली, उसण भरली, मान लचकली, पायात कळ उतरते, अशी तक्रार घेऊन कोणी आले नाही असा दिवस विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. यांपैकी बहुसंख्यांच्या दुखण्यामागे गंभीर विकार नसतो. योग्य हालचाल, स्नेहन-स्वेदन आणि थोडा धीर यांनी ते बरे होतात. परंतु काही थोड्या रुग्णांत पाठदुखी हा मूळ व्याधी नसून अन्य व्याधीचे केवळ लक्षण असते. अशा रुग्णांना वेळीच ओळखून वेगळे कसे काढावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे. मोठ्या शहरांत कायरोप्रॅक्टिकची केंद्रे दिसू लागली आहेत. मान वळवून ‘कट्’ असा आवाज काढणाऱ्या चित्रफिती भ्रमणध्वनीवर घरोघरी पोहोचल्या आहेत. “मणका बसवून घेतला तर पुढचे आजार टळतात म्हणे,” असे रुग्ण वैद्यांना विचारतात आणि औषधांच्या दुकानातही विचारतात. त्यांना नेमके उत्तर देता आले पाहिजे.

कायरोप्रॅक्टिकचा उगम आणि दावा

या पद्धतीचा जनक डॅनियल डेव्हिड पामर हा अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे चुंबकीय उपचार करीत असे. १८९५ च्या सप्टेंबर महिन्यात त्याने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला व त्याला ऐकू येऊ लागले, असे सांगितले. १८९७ मध्ये त्याने शिक्षणसंस्था काढली. मणके किंचित सरकल्याने चेतातंतूंचा प्रवाह अडतो आणि बहुतेक रोगांचे गुप्त मूळ तेच होय, असा त्याचा सिद्धान्त होता. या सरकण्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणे. काहीही तक्रार नसली तरी मणके वेळोवेळी ‘जुळवून’ घ्यावेत, म्हणजे दडलेले रोग टळतील, हा प्रचार याच सिद्धान्तातून निघाला.

पुढील काळातील अभ्यासाने यातील थोडा भाग टिकला, बराचसा टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णशिक्षण, व्यायाम व मर्दन यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारालाही तीत स्थान आहे; कंबरपट्टे आणि वजन लावून ताण देणे यांची मात्र शिफारस केलेली नाही. म्हणजे कंबरदुखीवर हस्तोपचाराचा मर्यादित लाभ मान्य आहे. मधुमेह, दमा किंवा रक्तदाब यांवर मणके जुळवल्याने उपयोग होतो, अथवा न कळलेले रोग त्यामुळे टळतात, याला विश्वसनीय आधार नाही. या शाखेतील अनेक व्यावसायिकांनीही जुना दावा बाजूस ठेवून आपले काम अस्थि, संधी व स्नायूंपुरते मर्यादित केले आहे. तो ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी घटून त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज होय.

हे वाचून आपल्याकडील लोकांना हसण्याचा अधिकार पोहोचतो असे मात्र नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आपल्या गावांतून आजही आहे. उसण बहुधा चार दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. स्वभावतः बऱ्या होणाऱ्या दुखण्यात कोणताही उपचार यशस्वी दिसतो. हे भान आपल्या कटिबस्तीच्या बाबतीतही सुटू नये.

आयुर्वेदाची दृष्टी

सर्व रोगांचे एकच मूळ मानणे आयुर्वेदाला मान्य नाही. वातप्रकोपाचे धातुक्षय आणि मार्गावरण असे दोन भिन्न मार्ग चरकाचार्यांनी सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद असे सहा क्रियाकाल वर्णिले आहेत. व्याधी प्रकट होण्यापूर्वीच त्याची चाहूल घ्यावी, हा त्यामागील हेतू. शूल कटीत असला तरी स्थानसंश्रय नेमका कोठे झाला आहे, हे दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांवाचून कळत नाही. आधी रोगपरीक्षा, नंतर औषध हा क्रम ज्याने मोडला, त्याच्या हातून उत्तम तैलही अपकार करू शकते.

मानेच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. सुश्रुताचार्यांनी एकशे सात मर्मे सांगितली. त्यांपैकी मस्तक व ग्रीवेच्या संधीवरील कृकाटिका ही वैकल्यकर, तर ग्रीवेतील आठ मातृका सद्यःप्राणहर मानल्या आहेत. आधुनिक शारीरानुसार मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच वर जातात. मानेला झटका दिल्यानंतर या धमन्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या संबंधाची दखल घेतली. अशा घटना विरळ आहेत आणि झटका हेच कारण होते की फाटू लागलेल्या धमनीच्या वेदनेमुळेच रुग्ण उपचारास आला होता, हे प्रत्येक वेळी सिद्ध झालेले नाही. तथापि ज्या कृतीचा लाभ अल्प व संभाव्य हानी अपरिमित, ती टाळणेच शहाणपणाचे. मानेला जोराचा झटका कोणत्याही वैद्याने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विचारावयाचे प्रश्न

अभ्यंगाचे तेल गरम करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात.

१. वेदना रात्री वाढते काय? आडवे पडूनही आराम मिळत नाही काय?
२. विनाकारण वजन घटले आहे, सायंकाळी ज्वर येतो, रात्री घाम सुटतो असे आहे काय?
३. पूर्वी अर्बुदाचे निदान झाले होते काय? दुखणे पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झाले काय?
४. मूत्र वा मलप्रवृत्तीवरील ताबा गेला आहे, मूत्र अडले आहे किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली आहे काय? पायांतील बळ घटत आहे काय?
५. किरकोळ आघातानंतर, जसे पाण्याची बादली उचलताना, एकाएकी तीव्र कळ आली काय? उंची घटली आहे काय?
६. वय चाळिशीच्या आत असून सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ ताठरते व हालचालीने मोकळी होते काय?
७. स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषधे दीर्घकाळ चालू आहेत काय?

यांतील एखादेच उत्तर होकारार्थी आले म्हणून रुग्णास घाबरवू नये; केवळ वय पन्नाशीपुढे असणे हे रोगाचे चिन्ह नव्हे. दोन-तीन चिन्हे एकत्र आली तर मात्र तपासणीस विलंब करू नये. चौथा प्रश्न याला अपवाद आहे. तेथे एकच चिन्ह पुरेसे असून रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. मज्जारज्जूच्या शेपटाकडील चेतातंतूंवर दाब आलेला असल्यास काही तासांचा उशीरही कायमचे वैकल्य आणू शकतो.

आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवावा असा व्याधी म्हणजे मणक्याचा क्षय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अस्थिगत क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यात आढळतो. यात खोकला नसू शकतो, ज्वरही नसू शकतो. महिनोन्‌महिने चिघळणारी पाठदुखी हेच एकमेव लक्षण असू शकते. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते, तेव्हा संशय बळकट असल्यास एमआरआय करून घ्यावा. अशा किडलेल्या मणक्यावर दाब देणे म्हणजे पोखरलेल्या खांबावर भार टाकणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या कायरोप्रॅक्टिकविषयक मार्गदर्शिकेतही मणक्याचा क्षय, अर्बुद व अस्थिभंग यांत हस्तोपचार निषिद्ध मानला आहे. वृद्ध स्त्रियांतील अस्थिसौषिर्य हा दुसरा मूक व्याधी. तेथे जोरकस मर्दनही वर्ज्य समजावे.

औषधविक्रेत्यांसाठी

दडलेला व्याधी कित्येकदा दुकानाच्या फळीवरून दिलेल्या गोळ्यांमुळे आणखी दडतो. तीच वेदनाशामक गोळी आठवड्यामागून आठवडे नेणाऱ्या ग्राहकास “किती दिवस घेत आहात?” असे विचारणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. रक्तदाबाची व मूत्रल औषधे चालू असताना या गोळ्या घेतल्यास वृक्कांना इजा होण्याचा धोका वाढतो आणि पुष्कळ हानी होईपर्यंत तिची जाणीवही होत नाही. २०१८ च्या राजपत्रित अधिसूचनेनुसार क्षयरुग्णांची नोंद कळवण्याचे दायित्व औषधविक्रेत्यांवरही आहे, याचे स्मरण असावे.

आपल्या क्षेत्राला लाज आणणारी गोष्टही येथे सांगितली पाहिजे. संधिवातावरील बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचे प्रकार घडतात. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक वाढते, चेहरा गोल होतो. आणि आतून रक्तशर्करा चढते, अस्थी पोकळ होतात. ज्या चूर्णावर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये छापलेली नाहीत, ते कितीही खपत असले तरी दुकानात ठेवू नये. अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णास ती एकाएकी थांबवण्यासही सांगू नये, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असल्याने प्राणावर बेतू शकते. त्याला पुडीसह तज्ज्ञाकडे पाठवावे.

प्रतिबंधाचा खरा मार्ग

मग निरोगी वाटणाऱ्या माणसाने काय करावे? मणके जुळवण्यापेक्षा रक्तदाब व रक्तशर्करा वेळोवेळी मोजावी, नित्य अर्धशक्ती व्यायाम करावा, कोवळे ऊन घ्यावे, तंबाखू सोडावी, तासन्‌तास एका जागी बसू नये. ही दिनचर्या सांगण्यात आपल्यावाचून अधिक अधिकारी कोण?

कटिबस्ती, पत्रपोट्टली स्वेद, बस्तिचिकित्सा ही आपली सामर्थ्ये आहेत. योग्य रुग्णात ती निःशंक वापरावीत. पण कोणत्या रुग्णात थांबावे, हे ज्याला कळते त्याचेच हात लोकांच्या विश्वासास पात्र ठरतात. रुग्णास दुसरीकडे पाठवताना लक्षणे, शंका व दिलेली औषधे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. खेड्यापाड्यांतील पाठदुखीचा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याच दारी येतो. त्याचा दडलेला व्याधी तेथेच ओळखला गेला, तर त्याचे पुढील आयुष्य चालते-फिरते राहील.