लाट पोचते तळापर्यंत

हंगेरीतलं बालाटन सरोवर 77 किलोमीटर लांब असलं, तरी त्याची सरासरी खोली जेमतेम सव्वातीन मीटर आहे. 1926 साली प्रकृतीच्या कारणासाठी रवींद्रनाथ टागोर याच्या काठच्या बालाटनफ्युरेद गावी राहिले होते; तिथल्या किनाऱ्यावरच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. सरोवराचं पाणी मात्र निळंशार नाही, ते हिरवट-दुधी दिसतं. हा दुधीपणा येतो तळातल्या चुनखडीयुक्त गाळामुळे, आणि गाळ वर आणण्याचं काम करतो वारा.

वरवर फुटणारी लाट तळाला कशी भिडते? लाटेखालचं पाणी वर्तुळात फिरतं. खाली जावं तशी ही वर्तुळं लहान होत जातात आणि लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर संपतात. म्हणजे उंचीइतकीच, किंबहुना जास्तच, लांबी महत्त्वाची. दर सेकंदाला एक येणारी लाट दीड मीटर लांब असते, तिची पोच पाऊण मीटर. वारा वाढून लाटा दोन सेकंदांच्या अंतराने येऊ लागल्या की लांबी सहा मीटरवर जाते आणि पोच तीन मीटरवर. वेळ दुप्पट, पोच चौपट! बालाटनच्या खोलीशी हा आकडा किती जुळतो पाहा. तळाशी वर्तुळं चपटी होतात, पाणी नुसतं पुढे-मागे घासतं आणि गाळ उचकटतो.

काठाजवळ खोली आणखी कमी, त्यामुळे तिथे साध्या झुळकीच्या लाटाही पुरतात.

उचललेला गाळ खाली बसायला लागणारा वेळ कणाच्या आकारावर ठरतो. दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण तीन मीटर पाण्यातून सहा-सात मिनिटांत तळ गाठतो. दोन सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र अगदी संथ पाण्यातही दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वारा थांबतोय कुठे! म्हणून लाटा काठावर वाळू ठेवतात. बारीक माती तरंगत खोल पाण्याकडे निघून जाते.

गाळाबरोबर त्यात साठलेला फॉस्फरसही पाण्यात मिसळू शकतो, आणि शेवाळाला तेच हवं असतं. शेतांतून, गावांतून येणारा फॉस्फरस अडवायला 1985 पासून सरोवराला मिळणाऱ्या झाला नावाच्या नदीच्या मुखाशी किश-बालाटनची पाणथळ जागा पुन्हा उभी केली गेली. पण आधीच तळात बसलेल्या फॉस्फरसवर हा उपाय चालत नाही.

काठावर देवनळासारख्या उंच गवताचे दाट पट्टे असतात, तिथे देठांशी झगडताना लाटांचा जोर ओसरतो आणि गाळ जागच्या जागी राहतो. दगडी बांधावर आपटलेली लाट मात्र उलटून परत येते आणि पायथ्याचा तळ आणखी उकरते.